गावात घोळका शिरत नाही

ताई,

नाताळच्या सुट्टीत आमच्याकडे सासरचं सगळं गणगोत जमतं. यंदा सतरा जण आहेत. सासूबाई 78 वर्षांच्या, गुडघे गेलेले. ठाण्याचे चुलत सासरे, त्यांना इतिहासाचं भारी वेड. पुण्याच्या नणंदबाई, त्यांची मुलगी आणि नवे जावई. दोन जावा, आणि सहा वर्षांपासून पंधरा वर्षांपर्यंतची मुलं. मागच्या वर्षी मी हौसेनं सगळ्यांना जुन्या नाशकात नेलं. ग्रुपवर तासातासाचा कार्यक्रम टाकला होता. साडेअकराला आम्ही सराफ बाजारात अडकलो, निम्मे पुढे आणि निम्मे मागे. सासूबाई एका दुकानाच्या पायरीवर बसून राहिल्या, मुलांनी भोकाड पसरलं, चुलत सासरे तर सापडेचनात. रात्री जेवताना कुणी कुणाशी बोललं नाही. यंदा नवरा म्हणतो, सरळ रिसॉर्ट बुक करू. मला ते पटत नाही. माझं माहेर जळगावचं, पण लग्न होऊन आले तेव्हापासून मला हे जुनं गाव आवडतं. सतरा माणसांना तिथे नेणं हा मूर्खपणाच आहे का?

आणखी एक. नवे जावई बौद्ध घरातले आहेत. फार गुणी मुलगा. त्यांना काळारामाला न्यावं की टाळावं, यावरून घरात कुजबुज चालू आहे. उघड कुणी बोलत नाही.

— सिडकोतली एक सून

सूनबाई,

मूर्खपणा अजिबात नाही. मात्र तासातासाचा कार्यक्रम यंदा ग्रुपवर टाकू नका.

हे मी स्वतः पोळून निघाल्यावर सांगते आहे. माझं माहेर तिवंध्याचं, सासर सोलापूरचं. लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी सासरची बावीस माणसं सिंहस्थ नसताना सिंहस्थाच्या थाटात नाशकात उतरली. मला 'माझं गाव' दाखवायची खुमखुमी. एका सकाळीत नऊ देवळं! प्रत्येक देवळापाशी बावीस जोड चपला काढायच्या आणि बाहेर आल्यावर बावीस जोड शोधायच्या. चौथ्या देवळाशी मावससासूबाई गायब. तेव्हा मोबाइल नव्हते. दीड तास आम्ही भद्रकालीपासून रविवार कारंजापर्यंत हिंडलो. सापडल्या त्या भांडी बाजारात, एका दुकानाच्या गादीवर मांडी घालून. समोर पितळी पातेल्यांचा ढीग, हातात चहाचा कप आणि दुकानदाराशी कल्हईवरून गप्पा रंगलेल्या. मी रडकुंडीला आलेली, तर त्या मलाच म्हणाल्या, "अगं, टेक की जरा. किती पळवतेस सगळ्यांना!" त्या दिवशी बावीस जणांत नाशिक बघितलं ते त्यांनी एकटीनं. बाकीच्यांनी एकमेकांच्या पाठी बघितल्या.

जुन्या गावात घोळका शिरत नाही. तिथले बोळ दोन माणसं आणि एक स्कूटर एवढ्याच मापाचे. सतरा जणांची रांग लागली की पुढचा मागच्याला हाका मारतो, मधला दोघांवर वैतागतो आणि दुकानदार तिघांवर. म्हणून सगळ्यांनी मिळून हिंडायचं हा हट्ट सोडून द्या. एक ठिय्या धरा. तिथे सतरंजी टाका. तिथून तिघं-चौघं सुटतील, तासाभरात परत येतील, आल्यावर काय बघितलं ते सांगतील आणि मग दुसरे उठतील. सासूबाई आणि सतरंजी हलणार नाहीत. एवढं जमलं तर मागच्या वर्षीची निम्मी भांडणं होणारच नाहीत.

ठिय्या गंगेवरच हवा. पुण्या-ठाण्याच्या मंडळींना आधीच सांगून ठेवा की नदी गोदावरी असली तरी नाशिककर 'गंगेवर जाऊन येतो' असंच म्हणतो, नाहीतर चुलत सासरे पहिली पंधरा मिनिटं त्यावरच घालवतील. यशवंतराव महाराज पटांगण मला त्यासाठी सगळ्यांत बरं वाटतं. सटाण्याचे देव मामलेदार, ज्यांनी दुष्काळात सरकारी खजिना लोकांसाठी उघडला, त्यांच्या नावाचं हे पटांगण. मे महिन्यात तिथे वसंत व्याख्यानमाला भरते. माझे वडील आम्हाला लहानपणी न्यायचे. भाषण कळायचं नाही, पण नदीवरचा वारा लागायचा आणि आम्ही तिथेच झोपायचो. डिसेंबरात व्याख्यानं नसतात, जागा मोकळी मिळते. तिथे काही कार्यक्रमाचा मांडव पडलेला असेल तर घाटाची कुठलीही उन्हातली, वर्दळीपासून बाजूची पायरी चालेल. 2027 च्या सिंहस्थाच्या कामांमुळे कुठला कोपरा कधी उकरलेला असेल याचा नेम नाही, तेव्हा आदल्या दिवशी तुम्ही किंवा नवऱ्यानं स्कूटरवरून एक चक्कर मारून या.

सकाळी आठला पोचा, त्याच्या पुढे नको. गारठ्याला घाबरू नका. डिसेंबरातल्या सकाळी गंगेवर कोवळ्या उन्हात बसणं हीच मुळात सहल आहे, सासूबाईंच्या गुडघ्यांनाही तेच हवंय. गाड्या मात्र गावात घालू नका. सिडकोतून येताना तीन-चार रिक्षा ठरवा, नाहीतर सिटीलिंकच्या बसनं निमाणीला उतरा आणि सासूबाईंपुरती तिथून रिक्षा करा. मागच्या वर्षी तुमचा किती वेळ पार्किंग शोधण्यात गेला, ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण मला दिसतंय!

रविवार टाळा. बुधवारी गंगेवर आठवड्याचा बाजार भरतो. भाजी, मसाले, सुपं-टोपल्या, काय वाट्टेल ते. दोघी जावांना तो आवडेल, पण सासूबाई आणि सहा वर्षांचं पोर बरोबर असताना नको. मंगळवार किंवा गुरुवार धरा.

सतरंजीवर बसल्या बसल्या सासूबाईंना रामकुंड दिसेल. इथे मुलांना एक गोष्ट आधी सांगायला हवी. रामकुंडावर लोक नुसतं फिरायला येत नाहीत. लांबून अस्थी घेऊन येतात. 1948 मध्ये गांधीजींच्या अस्थींचंही इथे विसर्जन झालं, शेजारचा गांधी तलाव त्याचीच आठवण. कुणीतरी नुकतं मुंडन करून ओलेत्यानं उभं असतं, शेजारी एखादी बाई रडत असते. त्यांना मागे घेऊन सेल्फी काढणारी माणसं मी पाहिली आहेत, आणि त्यांच्या अंगावर ओरडलेही आहे. पंधरा वर्षांच्या मुलाला हे बाजूला घेऊन सांगा, तो समजतो. सहा वर्षांचं पोर "ते काका का रडतायत?" असं विचारेल. त्याला खरं उत्तर द्या. आजी शेजारीच बसलेली असते, ती तुमच्यापेक्षा चांगलं सांगेल.

मुलांची पहिली फेरी दुतोंड्या मारुतीकडे. नदीच्या पात्रातच उभा आहे, दोन्हीकडे तोंड केलेला, भलाथोरला. पावसाळ्यात अख्खं नाशिक त्याच्याकडे डोळे लावून बसतं. पाणी मारुतीच्या गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीला लागलं, अशी आमची पूर मोजायची पट्टी. धरणातून किती क्युसेक सोडलं हे टीव्हीवर ऐकायचं आणि मग "मारुतीच्या कुठवर आलंय?" असं शेजाऱ्याला विचारायचं. 2016 आणि 2019 च्या ऑगस्टमध्ये गंगेचं पाणी बाजारपेठेत शिरलं होतं. मुलांना मारुतीच्या पायाशी उभं करा आणि पाणी त्याच्या छातीपर्यंत आलं तर आजीची सतरंजी कुठे असेल, हे त्यांनाच शोधू द्या. माझ्या भाच्यांनी यात अर्धा तास घालवला होता आणि शेवटी आजीला थेट पंचवटी कारंजावर नेऊन बसवलं होतं.

तिथून जवळच नारोशंकराचं देऊळ. खरं नाव रामेश्वर, पण त्या नावानं पत्ता विचारलात तर समोरचा दुसरीकडेच पाठवेल. नारोशंकर राजेबहाद्दरांनी 1747 मध्ये बांधलेलं. कोरीव काम जवळून बघण्यासारखं आहे, पण मुलांना घंटा दाखवा. 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई घेतली, तेव्हाची ही चर्चची घंटा मिरवत इथे आणली, असं सांगतात. देवळावर चर्चची घंटा! आमच्या आजीचा आवाज चढला की आजोबा म्हणायचे, "वाजली नारोशंकराची घंटा."

कपालेश्वराला पायऱ्या आहेत बऱ्याच, तेव्हा सासूबाईंना खालूनच हात जोडू द्या. मुलांना मात्र वर पिटाळा आणि सांगा, "जो नंदी शोधून आणेल त्याला दोन जिलब्या जास्त." शंकराच्या या देवळासमोर नंदी नाही. पापातून सुटायची वाट नंदीनं दाखवली, म्हणून देवानं त्याला गुरू मानलं आणि गुरूला समोर कसं बसवायचं, अशी कथा आहे. हे मुलं खाली आल्यावर आजीनं सांगायचं. तोवर ती तीनदा प्रदक्षिणा घालून, पुजाऱ्यांना विचारून, दमून आलेली असतील. फसवलं म्हणून चिडतील, पण जिलबी सगळ्यांनाच मिळाली की गप्प होतील.

सीता गुंफेत वाकून, प्रसंगी बसून सरकत जावं लागतं. अंगानं भारी माणसं, दमेकरी आणि कोंडल्यासारखं होणारे यांनी जाऊच नये. एकदा आत शिरलं की मागे वळता येत नाही, मागे रांग असते. मुलं आणि नणंदेची मुलगी जाऊन येऊ देत. बाकीच्यांनी बाहेरची वडाची झाडं बघावीत. पाच वड, म्हणून पंचवटी.

आता काळाराम. तुमच्या पत्रातला हा भाग मी तीन वेळा वाचला.

कुजबुज थांबवायचा उपाय सोपा आहे आणि तो तुम्हाला ठाऊक आहे. जावईबापूंना विचारा. घोळक्यात, सगळ्यांसमोर नको, सासऱ्यांमार्फत तर मुळीच नको. चहा देताना सरळ म्हणा, "आम्ही काळारामाला जाणार आहोत. तुम्हाला यायचंय का? नाही आलात तरी चालेल, गंगेवर गप्पा मारत बसू." त्यांना अवघड वाटेल म्हणून तुम्ही परस्पर टाळलंत, तर त्यांच्याबद्दल त्यांना वगळून ठरवल्यासारखं होईल. कदाचित ते येणार नाहीत. आणि कदाचित त्या देवळाबद्दल सगळ्यांत जास्त सांगण्यासारखं त्यांच्याकडेच असेल, कारण अनेक बौद्ध घरांत ती गोष्ट लहानपणापासून सांगितली जाते. तुमच्या घरात ती सांगितली गेली आहे का, ते मला माहीत नाही. माझ्या घरात गेली नव्हती. देवळापासून हाकेच्या अंतरावर वाढूनही मला ती कॉलेजात कळली.

काळाराम बांधला सरदार रंगराव ओढेकरांनी, अठराव्या शतकाच्या शेवटी, रामशेजच्या काळ्या दगडात. चुलत सासरे एवढं सांगतील, शिखराची उंची सांगतील, पेशवाईतल्या खर्चाचा आकडा सांगतील. सांगू देत. पण गोष्ट तिथे संपवू देऊ नका. 2 मार्च 1930 ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारो माणसं मिरवणुकीनं या देवळाकडे आली. दारं बंद करून घेतलेली होती. मग चारही दारांशी सत्याग्रहींच्या तुकड्या बसल्या, पुरुष आणि बायकाही. त्याच वर्षी रामनवमीला रथाच्या वेळी दगडफेक झाली, माणसं जखमी झाली. नाशिकच्या बाजूनं दादासाहेब गायकवाडांनी हा लढा वर्षानुवर्षं लावून धरला. दार उघडलं नाही. आणि मग 13 ऑक्टोबर 1935 ला, आपल्याच जिल्ह्यातल्या येवल्यात, बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही असं जाहीर केलं. ते उगाच एका दिवसात सुचलेलं नव्हतं. त्याच्यामागे या दारापाशी काढलेली पाच वर्षं होती.

तुम्ही देवळात शिराल तेव्हा मुलांना दारातच थांबवा आणि हे सांगा. घरातलं जे कुणी नीट सांगू शकेल त्यानं सांगावं. जावईबापूंना "तुम्हीच सांगा ना" असा आग्रह मात्र नको. सहलीला आलेल्या माणसाला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं करू नये. ते आपणहून बोलले तर बाकीच्यांनी ऐकावं, मध्ये "पण आता तसं काही राहिलेलं नाही हो" असं कुणी घुसडू नये. हे वाक्य कोण म्हणणार, ते तुम्हाला आत्ताच माहीत असेल. त्यांना आदल्या रात्रीच सांगून ठेवा.

आणि जावईबापू म्हणाले की मला आत यायचं नाही, तर "बरं" म्हणा. कारण विचारू नका. त्यांना वेगळी सकाळ हवी असेल तर त्रिरश्मी आहे, ज्याला आपण पांडवलेणी म्हणतो. पांडवांचा तिथे काही संबंध नाही, ती बौद्ध लेणी आहेत, चोवीस. क्षत्रप राजा नहपानाच्या आणि सातवाहनांच्या काळचे शिलालेख भिंतींवर आहेत, पायथ्याशी बुद्ध स्मारक आहे. सिडकोतून तर ती तुम्हाला पंचवटीपेक्षा जवळ. दुसऱ्या दिवशी ज्यांना चढवेल त्यांनी जावं. चढ आहे, सासूबाई घरी.

आता नदीपलीकडचं. मागच्या वर्षी तुम्ही सराफ बाजारात अडकलात, कारण साडेअकराला गेलात. त्या वेळी तिथे दुकानदार, गिऱ्हाईक, हातगाड्या आणि दुचाकी सगळे एकाच वेळी एकाच बोळात असतात. साडेदहाच्या आत जा, किंवा जाऊच नका. गाडगे महाराज पुलावरून पलीकडे जावा आणि नणंदबाई, बरोबर एक मोठं मूल पिशव्या धरायला. सतरा जणांनी नथ बघायची गरज नसते. भांडी बाजारात तांब्या-पितळेचा भाव किलोवर असतो. घरातली जुनी मोड असेल तर ती घेऊन जा, वजनातून वजा होते. सासूबाईंच्या माळ्यावर नक्की दोन चेपलेले तांबे असतील. ते त्यांच्या परवानगीनं न्या, नाहीतर जेवताना पुन्हा अबोला. घ्यायचं नसेल तरी बसा, बघा, विचारा. तिथली माणसं बोलतात, माझ्या मावससासूबाई साक्षीला आहेत.

चुलत सासऱ्यांना या फेरीत पाठवू नका, ते पुन्हा हरवतील. त्यांच्यासाठी एक वेगळी जबाबदारी काढा. पंधरा वर्षांच्या पोराला आणि जमलं तर जावयांना त्यांच्याबरोबर द्या आणि सांगा, "काका, आम्हाला तीनच जागा दाखवा, पण त्या नीट दाखवा." तीनच. माणसाला निवड करायला लावली की तो नेमकं बोलतो. सरकारवाडा ते घेतीलच, पेशवाईतला, कोरीव लाकडी खांबांचा. उघडा असतो का, कुठला भाग बघू देतात, हे आदल्या दिवशी विचारून ठेवा. दुसरी जागा विजयानंद थिएटर. 21 डिसेंबर 1909 ला तिथे नाटक चालू असताना अनंत कान्हेरे नावाच्या अठरा वर्षांच्या मुलानं कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. जॅक्सनची मुंबईला बदली झाली होती, निरोपाचं नाटक होतं. हा जॅक्सन संस्कृत जाणणारा, लोक त्याला पंडित म्हणायचे. पुढच्या एप्रिलमध्ये कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे यांना ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली. चुलत सासरे ठाण्याचेच, त्यांना हे धागे जुळवायला आवडेल. पंधरा वर्षांच्या मुलाला अठरा वर्षांच्या मुलाची गोष्ट लागते. तो त्यावर काय विचारेल ते विचारू द्या, काकांनी लगेच निकाल देऊ नये.

तिसरी जागा मी सुचवते, पक्षपात समजा. तिवंधा चौक. तिथे बघण्यासारखं काहीच नाही, हीच गंमत. डांबरी रस्ता, दुकानं, उभ्या केलेल्या स्कूटरी. आणि त्याच्या पोटात रहाड आहे. पेशवेकाळापासूनचा दगडी हौद, वर्षभर झाकलेला, वरून रहदारी चालू. रंगपंचमीला ती उघडतात, रंगाचं पाणी भरतात आणि पोरं त्यात उड्या मारतात. उडी मारली की पाणी काठावरच्यांच्या अंगावर उसळतं, तो धप्पा. दिल्ली दरवाजा, शनी चौक अशा आणखी मोजक्याच रहाडी आहेत आणि प्रत्येकीचा रंग ठरलेला. मुलाला चौकात उभं करून सांगा, "तू आत्ता हौदावर उभा आहेस." त्याचा विश्वास बसणार नाही. माझ्या मुलाचा तर रंगपंचमीला स्वतः पडेपर्यंत बसला नव्हता.

वाड्यांबद्दल एक सूचना. दिंडी दरवाजा दिसला की मोबाइल काढून आत शिरायची सवय लोकांना लागली आहे. त्या वाड्यांत माणसं राहतात. चौकात कुणाची धुणी वाळत असतात, कुणी आंघोळ करून बाहेर येत असतं. आमच्या वाड्यात एकदा एक अनोळखी जोडपं फोटोसाठी तुळशीपाशी उभं राहिलं होतं आणि आईला म्हणालं, "काकू, जरा बाजूला होता का?" दारातून हाक मारा, विचारा, "बघू का?" बहुतेक जण हो म्हणतात, चहाही देतात. आणि पडक्या वाड्याच्या भिंतीला टेकून उभे राहू नका, हिवाळ्यातसुद्धा.

खाण्याचं. सतरा जणांना एकदम टेबल मिळेल अशी आशा धरू नका. मिसळीला दोन पंगती करा, आठ आणि नऊ, आणि पहिली पंगत साडेआठच्या आत बसवा. आधी मुलं आणि ज्यांना औषध घ्यायचं असतं ते. सोबत पापड आणि दही येतं, पुणेकरांना त्याचं नवल वाटू द्या, भांडू नका. रस्सा काळा असेल तर लहानांना वेगळा कमी तिखट मागा, देतात. गंगेवर सतरंजीवर आणायला बुधा हलवाईची जिलबी, उपास असलेल्यांना सायंताराचा साबुदाणा वडा, आणि परत जाताना ठाणे-पुण्याच्या पिशव्यांत कोंडाजीचा चिवडा. तीन ठिकाणं, तीन वेगवेगळी माणसं धाडा, म्हणजे ज्यांना देवळं नकोत त्यांनाही फिरायला निमित्त मिळतं. तुमचे मोठे दीर, ज्यांच्याबद्दल तुम्ही चकार शब्द लिहिला नाही, ते बहुधा याच गटातले असावेत.

एक गोष्ट कुठल्याही सहलीच्या यादीत नसते आणि बायकांची अर्धी सहल तिच्यापायी वाया जाते. स्वच्छतागृह. घाटावरच्या सोयीच्या भरवशावर राहू नका. मिसळीचं हॉटेल निवडताना चवीआधी ते बघा, आणि फेऱ्या अशा ठेवा की दोन तासांत प्रत्येकीला तिथे परत जाता येईल. सासूबाई सकाळपासून पाणी पीत नाहीत, पायरीवर मुकाट बसून राहतात, त्यामागे गुडघ्यांइतकंच हेही कारण असतं. त्या सांगणार नाहीत. तुम्ही विचारा.

चपलांची व्यवस्था म्हणाल तर सोपी आहे. फेरीला निघताना चपला सतरंजीपाशी काढायच्या नाहीत, जवळच्या देवळांपुरत्याच काढायच्या आणि एका मोठ्या पिशवीत टाकून एकानं धरून उभं राहायचं. आळीपाळीनं.

साडेबाराला सगळं आवरा. दुपार गावात काढू नका. घरी जा, वरण-भात खा, झोपा. संध्याकाळी ज्यांना आरतीसाठी परत यायचं असेल ते पाच-सहा जण येतील, बाकीच्यांना ओढू नका. गंगेवरचे दिवे लागल्यावर जावई आणि नणंदेची मुलगी दोघंच आली तर आणखी चांगलं. नवं लग्न आहे, सतरा माणसांत त्यांना दोन शब्द बोलता आलेले नसतील.

राहिला नवरा. त्यांचा रिसॉर्ट उडवून लावू नका. मागच्या वर्षी सगळ्यांची बोलणी बहुतेक त्यांनीच खाल्ली असतील, म्हणून ते पळवाट शोधतायत. त्यांना म्हणा, सकाळ माझी, दुसरा दिवस तुमचा. आणि गंगेवर त्यांना काम द्या, नुसतं उभं ठेवू नका. सासूबाईंजवळ सतरंजीवर बसायची पहिली पाळी त्यांची. आई आणि मुलगा तासभर नुसते नदीकडे बघत शेवटचे कधी बसले होते, विचारा त्यांना.

सासूबाईंसाठी एक पाट किंवा घडीची खुर्ची न्या. सतरंजीवर बसल्यावर गुडघेदुखीच्या माणसाला उठवायला दोघं लागतात, आणि नेमके तेव्हाच सगळे जिलबी आणायला गेलेले असतात.